झडपेआडचा कोळी

कोळी म्हटला की वळचणीचे जाळे डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु जाळ्याच्या वाटेस न जाता जमिनीत बीळ खणणारे, त्यास आतून रेशमाचे अस्तर लावणारे व तोंडावर माती आणि रेशीम यांची उघडमीट होणारी झडप बसविणारेही कोळी आहेत. रात्री मादी झडप किंचित उचलून दबा धरून बसते आणि जवळून किडा जाऊ लागला की त्यावर झडप घालते. आपल्या भाषेतील या शब्दाचे दोन्ही अर्थ त्या प्राण्याने एकाच दारात आणून ठेवले आहेत!

हा कोळी पाळून पाहण्याचा नाद जॉन ट्रॅहर्न मॉग्रिज या इंग्रज तरुणास लागला. तो क्षयाने ग्रासलेला असून हिवाळा फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर माँतों येथे काढीत असे. कुंडीत माती भरून तीत त्याने एक वाटोळे भोक पाडले व एक मादी सोडली. ती तत्काळ भोकात शिरली. पहिल्याच रात्री तिने तोंडावर विरळ जाळे ताणून त्यात माती, मुळ्या, शेवाळ जे मिळाले ते गुंतविले. दुसऱ्या रात्रीनंतर तिची जवळजवळ नेहमीच्या जाडीची झडप झाली. मात्र ती पुरती उघडेना. रानातही त्याने एक गंमत पाहिली. एका बिळाची झडप काढून भोवतालचे शेवाळ खरवडले, तरी मादीने नव्या झडपेवर दुरून शेवाळ आणून लावलेच. त्यामुळे उघड्या मातीत ती झडप लपण्याऐवजी उठून दिसू लागली. तिच्या हुशारीचे गोडवे गाणाऱ्यांनी हे अवश्य ध्यानात ठेवावे. मॉग्रिजचे पुस्तक 1873 मध्ये निघाले, पुरवणी 1874 मध्ये. त्याच वर्षी वयाच्या 32व्या वर्षी तो माँतों येथेच वारला.

कैदेत झडप करून घेणे सोपे. संतती वाढविणे हे निराळेच काम आहे. नर वयात आला की बीळ सोडून मादीच्या शोधात निघतो आणि फार दिवस जगत नाही. पिले काही काळ आईच्या बिळात राहून बाहेर पडतात, इवलीशी पण पुरी झडप असलेली बिळे करतात आणि वाढीबरोबर तेच बीळ रुंद करीत जातात. हे किती वर्षे चालावे, याचा अंदाज कुंडीवरून येणे शक्य नव्हते.

तो आला ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागातील एका राखीव रानातून. बार्बरा यॉर्क मेन या विदुषीने तेथे 1974 मध्ये बिळांशेजारी क्रमांकाच्या खुंट्या रोवल्या आणि पुढे वर्षानुवर्षे येऊन त्यांची विचारपूस केली. त्यांतील 16 क्रमांकाची मादी जन्मभर एकाच बिळात राहिली. या जातीच्या माद्या घर बदलीत नाहीत. मॉग्रिजला लाभले नाही एवढे आयुष्य त्या कोळ्याला लाभले, हे वाचून आम्ही क्षणभर थबकलो.

आज हौसेने कोळी पाळणारे पुष्कळ आहेत. पिलांपासून वाढविण्याइतका धीर ज्यांना नाही ते रानातील मोठी मादी खणून आणतात. त्या एका घावाने कित्येक वर्षांचे बीळ संपते आणि पुढील पिलांचे मूळही जाते. हा सौदा आम्हांस महाग वाटतो.

2016 च्या अखेरीस 16 क्रमांकाच्या खुंटीपाशी पाहणी झाली तेव्हा बीळ मोडकळीस आले होते व झडपेस परोपजीवी गांधीलमाशीने पाडलेले छिद्र होते. वय 43 वर्षे. मेनबाई 2019 मध्ये निवर्तल्या.