गच्चीवरचा कॅमेरा आणि विसरलेली वेधशाळा

मगरिबची नमाज झाली की मी नांदेडच्या घराच्या गच्चीवर कॅमेरा घेऊन चढतो. थोड्या वेळात लातूरहून मामेभावाचा फोन येतो, "भाई, दिखा क्या?" पूर्वी हा प्रश्न फक्त ईदच्या चाँदसाठी असायचा. आता आम्ही दोघे आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाची वाट पाहत असतो.

हे स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून ताशी जवळपास २८ हजार किलोमीटर वेगाने जाते. त्याची रुंदी १०९ मीटर. ते डोक्यावर असताना माझ्या ६०० मिलिमीटरच्या लेन्समधून त्याची प्रतिमा पडते ती मिलिमीटरच्या सहाव्या भागाएवढी! आधी एखाद्या ताऱ्यावर हाताने फोकस करून ठेवायचा, शटरचा वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका किंवा त्याहून कमी ठेवायचा आणि लेन्स फिरवत फोटो काढत सुटायचे. शेकड्यातले बहुतेक वाया जातात. एखाद्यात मात्र सौरपट्ट्या ओळखू येतात.

गंमत अशी, की एकाच क्षणी नांदेडहून ते एका ताऱ्याजवळ दिसते, तर लातूरहून बरेच बाजूला. या फरकावरून त्याची उंची काढता येते. चंद्र जवळपास पावणेचार लाख किलोमीटर दूर, म्हणून त्याच्या जागेत दोन्ही गावांत डोळ्यांना फरक जाणवत नाही.

आकाशाचे फोटो काढून मोजमाप करण्याची ही रीत आपल्या मुलखाला नवी नाही. मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता, तेव्हा नवाब जफर जंग यांनी इंग्लंडहून १५ इंची दुर्बीण मागवली आणि १९०१ मध्ये निजामिया वेधशाळा उभी राहिली. त्यांच्या पश्चात, १९०८ मध्ये, ती सरकारने ताब्यात घेतली. त्या काळी जगभरच्या वेधशाळांनी आकाश वाटून घेऊन ताऱ्यांचा फोटो-नकाशा करायला घेतला होता. हैदराबादच्या वाट्याला दक्षिण आकाशाचा एक पट्टा आला. चॅटवूड, पोकॉक, टी. पी. भास्करन, अकबर अली अशी संचालकांची परंपरा. १९१९ मध्ये वेधशाळा उस्मानिया विद्यापीठाकडे गेली. काचेच्या तबकड्यांवर फोटो घेऊन एकेका ताऱ्याची जागा मोजायची, असे काम वर्षानुवर्षे चालले आणि लाखो ताऱ्यांची नोंद झाली.

याच वेधशाळेत काम करणाऱ्या एका सहायकाचा मुलगा म्हणजे वेणू बाप्पू. हैदराबाद सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते हार्वर्डला गेले. पुढे नैनितालच्या वेधशाळेचे प्रमुख झाले. मानवनिर्मित उपग्रहांचे फोटो घेणारा बेकर-नन कॅमेरा त्यांच्याच काळात तिथे बसला. जगभर असे कॅमेरे मोजकेच होते. मी गच्चीवर जे हौसेने करतो, त्याची वाट अशी हैदराबादवरून जाते.

दर १७ सप्टेंबरला आपण मुक्तिसंग्राम दिन साजरा करतो. तो करायलाच हवा. रझाकारांचा जुलूम खरा आहे, त्याविरुद्ध लढलेल्यांचे ऋणही खरे आहे. पण संस्थानाचा सगळा इतिहास तेवढाच, असे मुलांना सांगितले की त्यांचा वारसा कमी होतो. दुसरीकडे आपल्यातही निजामाच्या हिऱ्यांचे किस्से रंगवून सांगणारे पुष्कळ. वेधशाळेचे नाव त्यांनाही ठाऊक नसते. खरे तर ती कुणा एका नवाबाची राहिली नव्हती. सरकारी तिजोरीत नांदेड, परभणी, उस्मानाबादच्या शेतकऱ्याचा शेतसाराही जात होता. त्या लाखो ताऱ्यांवर त्याच्याही नातवंडांचा हक्क आहे, मग त्यांचे आडनाव शेख असो की शिंदे.

परवा मामेभावाने पाठवलेल्या फोटोत स्थानक जेमतेम वीस-पंचवीस ठिपक्यांचे होते. त्याच्या मुलीने विचारले, "अब्बा, हे आधी कोण करायचं?" त्याने मला फोन लावून दिला. हा लेख म्हणजे तिला दिलेले उत्तर.