कृत्रिम पायाची विद्या

आदिलाबादहून उत्तरेकडे निघून पैनगंगा ओलांडली की महाराष्ट्र लागतो. पण मराठी बोली नदीच्या दोन्ही काठांवर ऐकू येते. आमच्या शाळेतून इंटरला गेलेला एक सुताराचा मुलगा मागच्या वर्षी भेटायला आला. त्याच्या आजोबांचा पाय मधुमेहामुळे गुडघ्याखाली कापावा लागला होता. मुलाने विचारले, "सर, असा पाय करायला कुठे शिकवतात?" त्या प्रश्नापायी मला बरेच वाचावे लागले. त्यातले थोडे आपणांस सांगतो.

ही विद्या जुनी आहे. युद्धात पाय गमावलेल्या विश्पलेला अश्विनीकुमारांनी लोखंडी जंघा दिल्याची कथा ऋग्वेदात येते. सोळाव्या शतकात फ्रान्सच्या सैन्यातील शल्यविशारद आंब्रवाझ पारे याने गुडघ्यात वाकणारा पाय योजिला. मात्र तो घडविण्यासाठी त्याला पॅरिसच्या एका कुलुपे करणाऱ्या कारागिराकडे जावे लागले. वैद्य आणि कारागीर यांची ही जोडी पुढेही वारंवार दिसते.

आपल्याकडे या विद्येला संस्थेचे रूप आले ते महायुद्धामुळे. जखमी सैनिकांसाठी 1944 साली पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र निघाले. पुढे 1955 साली संयुक्त राष्ट्रसंघाच्या साहाय्याने मुंबईत अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था उभी राहिली. हाजीअलीजवळची हीच ती संस्था. त्या काळी पोलिओने लुळ्या पडलेल्या मुलांची संख्या मोठी होती. लोखंडी पट्ट्या आणि चामडी पट्टे यांचे कॅलिपर घालून वर्गात येणारी मुले आमच्या पिढीने पाहिली आहेत. 2014 साली भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. आता अपघात आणि मधुमेह यांची गिऱ्हाइके अधिक.

परंतु परदेशी पद्धतीचा पाय बुटाशिवाय चालत नसे. उकिडवे बसणे, मांडी घालणे, चिखलातून अनवाणी जाणे त्याला साधत नसे. शेतकऱ्याने तो वापरावा कसा? 1968 च्या सुमारास जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी आणि रामचंद्र शर्मा यांनी याचे उत्तर काढले. शर्मा हे कारागीर; सारे त्यांना मास्टरजी म्हणत. ट्रकच्या टायरवर नवे रबर चढविताना पाहून त्यांना कल्पना सुचली, असे सांगतात. आत लाकूड व स्पंजासारखे रबर, बाहेर भाजून पक्के केलेले रबर, असे ते पाऊल झाले. डॉ. सेठींना 1981 साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मास्टरजींचे नाव तितके लोकांच्या तोंडी नाही, ही गोष्ट मला नेहमी खटकते.

पाऊल सोपे, खरी कसोटी वरच्या खोबणीची असते. उरलेल्या पायावर प्लॅस्टरची ओली पट्टी गुंडाळून साचा घेतात, त्यात प्लॅस्टर ओतून त्या भागाची प्रतिकृती करतात आणि मग ती तासतात. गुडघ्याच्या वाटीखालची शिर भार सोसते, म्हणून तेथे खोल तासावयाचे. हाडाचे टोक सोसत नाही, म्हणून तेथे भर घालावयाची. ही समज चुकली की जखम होते. मधुमेह्याला तर ती कळतही नाही आणि पाय आणखी वर कापण्याची पाळी येते.

म्हणूनच आज शरीररचना, यंत्रशास्त्र, पदार्थविज्ञान असे सारे शिकविणारा पदवी अभ्यासक्रम आहे: चार वर्षे आणि वर सहा महिने प्रत्यक्ष उमेदवारी. 1992 च्या कायद्याने स्थापिलेल्या भारतीय पुनर्वास परिषदेत नाव नोंदविल्यावाचून हा व्यवसाय करता येत नाही. हे योग्यच आहे, असे मी मानतो. तरी मनात येते, की आज मास्टरजी या दारी आले असते, तर त्यांना कोणी आत घेतले असते काय?

पदवीच्या प्रवेशाला विज्ञान शाखा लागते. मुलाने इंटरला वाणिज्य घेतले होते. दहावीनंतर कोणती शाखा घ्यावी, हे विचारायला तो माझ्याचकडे आला होता. त्याचे हात लाकडावर कसे चालतात, हे तेव्हा मी पाहिलेच नव्हते. आता तो दिवसा वडिलांबरोबर रंधा मारतो आणि रात्री भौतिकशास्त्राचे पुस्तक घेऊन माझ्याकडे येतो.