पाच वर्षांनी परत: येलच्या 'डीक'ची गोष्ट

(सूचना: या भागात रॅगिंग आणि लैंगिक अत्याचाराचे उल्लेख आहेत.)

आज सुरुवातीलाच एक सोपा हिशोब करू.

समजा, एका कॉलेजातली डिग्री चार वर्षांची आहे. तिथल्या एका ग्रुपने काहीतरी भयंकर केलं आणि कॉलेजने त्या ग्रुपवर पाच वर्षांची बंदी घातली. बंदी संपेल त्या दिवशी, ज्यांच्यामुळे ती आली त्यांच्यातलं कोण कॅम्पसवर असेल? कुणीच नाही. सगळे पास होऊन गेलेले. आता हाच प्रश्न उलटा विचारा. ज्यांना त्रास झाला, ज्यांनी तक्रार केली, त्यांच्यातलं कोण असेल? तेही कुणी नाही.

हे काल्पनिक नाहीये. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात हे घडलंय. ग्रुपचं नाव डेल्टा कप्पा एप्सिलॉन. पोरं तिला नुसतं 'डीक' म्हणतात. २०११ मध्ये बंदी, २०१६ मध्ये वापसी. पण ही गोष्ट समजायची तर थोडं मागे जायला लागेल. म्हणजे चांगलं पावणेदोनशे वर्षं मागे.

आधी फ्रॅटर्निटी म्हणजे काय ते बघू

हॉलिवूडच्या सिनेमात तुम्ही ते मोठं घर पाहिलं असेल. दारावर ग्रीक अक्षरं, आत पार्टी, हातात लाल ग्लास. तेच हे. फ्रॅटर्निटी म्हणजे मुलांचा क्लब. मुलींचा असेल तर सोरॉरिटी. एका फ्रॅटर्निटीच्या वेगवेगळ्या कॉलेजांत शाखा असतात, त्यांना चॅप्टर म्हणतात. वर एक राष्ट्रीय संस्था असते. नव्याने आत येऊ पाहणाऱ्या मुलाला प्लेज म्हणतात, आणि त्याला आत घेण्याआधी काही 'विधी' असतात. त्या विधींच्या नावाखाली जो छळ होतो त्याला तिकडे हेझिंग म्हणतात. आपण ज्याला रॅगिंग म्हणतो त्याचाच हा भाऊ. फरक एवढाच, की रॅगिंग तुमच्यावर लादलं जातं आणि हेझिंगमध्ये पोरगा स्वतःहून रांगेत उभा राहतो. कारण त्याला आत जायचं असतं.

आत का जायचं असतं? ओळखींसाठी. डीकचंच बघा. थोरले जॉर्ज बुश येलमध्ये डीकचे सदस्य होते. धाकटे बुश तर त्या चॅप्टरचे अध्यक्षच होते. मिशिगन विद्यापीठात शिकलेले जेराल्ड फोर्ड हेही डीकचे. म्हणजे एकाच फ्रॅटर्निटीतून अमेरिकेचे तीन राष्ट्राध्यक्ष, आणि हे फक्त विसाव्या शतकाच्या मध्यानंतरचे. आता अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराला हे दार किती मोठं वाटत असेल, कल्पना करा.

सुरुवातच रुसव्यातून

डीकचा जन्म २२ जून १८४४ चा, येलमध्येच. गंमत म्हणजे सुरुवात झाली रुसव्यातून. तेव्हा तिथे आधीच्या काही सोसायट्या होत्या. मित्रांच्या एका टोळक्याला वाटत होतं की आपल्या सगळ्यांना एकत्र निवडतील. काहींनाच निवडलं, काहींना वगळलं. मग ते म्हणाले, सगळे नाही तर कुणीच नाही. आणि १५ जणांनी स्वतःची सोसायटी काढली.

सुरुवात गोड आहे ना? मैत्रीसाठी मोठ्या क्लबला नाही म्हणणारी पोरं. पण पुढच्या पन्नास वर्षांत हाच क्लब दारावर उभा राहून दुसऱ्यांची परीक्षा घ्यायला लागला. १८९२ मध्ये येलमध्ये डीकच्या विधीत एका विद्यार्थ्याला डोळ्यांवर पट्टी बांधून रस्त्यावरून पळायला लावलं. तो एका घोडागाडीच्या दांड्यावर आदळला आणि काही दिवसांनी गेला.

आता १९६७ मध्ये या. येलच्या विद्यार्थी वृत्तपत्राने बातमी दिली की डीकमध्ये नव्या मुलांच्या अंगावर तापलेल्या तारेने डाग देतात. बातमी न्यूयॉर्क टाइम्सपर्यंत गेली. टाइम्सच्या बातमीत चॅप्टरच्या माजी अध्यक्षाची बाजू आली: फार काही नाही हो, सिगरेटच्या चटक्याएवढंच असतं. हा माजी अध्यक्ष म्हणजे धाकटे जॉर्ज बुश. तेव्हा ते शेवटच्या वर्षाला होते.

हे वाक्य लक्षात ठेवा. 'फार काही नाही हो.' या गोष्टीत ते पुन्हा पुन्हा येणार आहे, वेगवेगळ्या तोंडून.

मुली आल्या, तेव्हा

१९६९ पर्यंत येल कॉलेज फक्त मुलांचं होतं. त्या वर्षी पहिल्यांदा मुली आल्या. मुलांसाठी बांधलेल्या, मुलांच्याच सवयी मुरलेल्या जागेत त्या राहायला लागल्या. १९७२ मध्ये अमेरिकेत 'टायटल नाइन' हा कायदा आला. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत लिंगावरून भेदभाव करता येणार नाही, असा तो कायदा. आणि १९७७ मध्ये येलच्याच काही विद्यार्थिनी कोर्टात गेल्या. त्यांचं म्हणणं असं, की लैंगिक छळ हाही भेदभावच आहे, कारण त्यामुळे आमचं शिक्षण अडतं. खटला त्या जिंकल्या नाहीत. पण मुद्दा कोर्टाने मान्य केला, आणि येलला तक्रारीची व्यवस्था उभी करावी लागली. आज अमेरिकेतल्या कॉलेजात मुलगी तक्रार करू शकते, त्यामागे हा खटला आहे.

सत्तरच्या दशकात येलमध्ये फ्रॅटर्निटीचं वेड ओसरलं होतं. ऐंशीच्या दशकात ते परत आलं. जानेवारी १९८५ मध्ये विद्यार्थी वृत्तपत्रात एक फोटो छापून आला. डीकची पोरं कॅम्पसवरून झेंडा घेऊन चाललीयेत, आणि तो झेंडा बायकांच्या अंतर्वस्त्रांचा बनवलेला.

मुली कॅम्पसवर येऊन तेव्हा पंधरा वर्षं झाली होती.

१३ ऑक्टोबर २०१०

ओल्ड कॅम्पस म्हणजे येलचं मोठं चौकोनी अंगण. भोवती पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांची हॉस्टेलं. त्या रात्री डीकचे प्लेज तिथून घोषणा देत निघाले. घोषणा काय होत्या? त्या मी इथे म्हणणार नाही. अर्थ असा होता की मुलगी नाही म्हणाली तरी ते हो समजायचं, आणि पुढे त्याहून घाण. ऐकणाऱ्यांत घर सोडून दीड-दोन महिने झालेल्या मुली होत्या.

व्हिडिओ यूट्यूबवर आला. चॅप्टरने माफी मागितली. पण कॅम्पसवर दोन तट पडले. विद्यार्थी वृत्तपत्राने तर अग्रलेख लिहून विमेन्स सेंटरलाच सुनावलं की तुमची प्रतिक्रिया जरा जास्तच आहे. बघा, आलं ना ते वाक्य परत?

आणि हे पहिल्यांदा झालं नव्हतं. २००८ मध्ये दुसऱ्या एका फ्रॅटर्निटीच्या प्लेजनी विमेन्स सेंटरसमोर उभं राहून मुलींना शिवी देणारा फलक धरून फोटो काढला होता. २००९ मध्ये नव्या मुलींची नावं आणि त्यांना दिलेल्या घाणेरड्या 'श्रेणी' असलेला इमेल फिरला होता.

मार्च २०११ मध्ये १६ जणांनी, म्हणजे आजी विद्यार्थी आणि नुकतेच पास झालेले यांनी मिळून, शिक्षण खात्याच्या नागरी हक्क कार्यालयाकडे तक्रार केली. तक्रार फक्त डीकविरुद्ध नव्हती, येलविरुद्ध होती: एकामागून एक प्रकार होतात आणि विद्यापीठ काही करत नाही. चौकशी सुरू झाली. १७ मे २०११ रोजी डीन मेरी मिलर यांचा इमेल आला. डीकवर पाच वर्षांची बंदी.

बंदी, पण कशावर?

आता नीट ऐका, कारण गोष्टीची गोम इथे आहे. बंदी अशी होती: कॅम्पसवर कार्यक्रम नाही, कॅम्पसवर भरती नाही, येलचं नाव वापरायचं नाही, येलचा इमेल आणि नोटीस बोर्ड वापरायचे नाहीत. येलने राष्ट्रीय संस्थेला विनंतीही केली की तुम्हीही हा चॅप्टर पाच वर्षं सस्पेंड करा.

पण डीकचं घर होतं कॅम्पसच्या हद्दीबाहेर, लेक प्लेस नावाच्या रस्त्यावर. तिथे येलचं काय चालणार? राष्ट्रीय संस्थेला शिक्षाच जास्त वाटत होती. त्यामुळे चॅप्टर चालू राहिला. पार्ट्या चालू, नवे सदस्य घेणं चालू.

असल्या बंदीमागे विचार काय असतो ते समजून घ्या. बहुतेक विद्यापीठं चार-पाच वर्षांची मुदत उगाच ठरवत नाहीत. एक पूर्ण पिढी निघून जावी, सवयी पुढच्यांना शिकवणारं कुणी उरू नये, म्हणजे साखळी तुटेल. चॅप्टर खरोखर बंद झाला, घर रिकामं झालं, पुढे परवानगी मिळाल्यावर नवी पोरं घेऊन शून्यातून सुरुवात झाली, तर हा विचार कामी येऊ शकतो. पण घर सुरू, सिनियर सुरू, दरवर्षी नवे प्लेज सुरू, तर साखळी तुटणार कुठून? तुटली फक्त एकच साखळी. बाहेरची. ज्या मुलींनी ती रात्र ऐकली आणि ज्या १६ जणांनी तक्रार केली, ते सगळे निघून गेले. त्यांचं ना घर होतं, ना राष्ट्रीय संस्था, ना दरवर्षी नवे सदस्य.

वापसी

२०१६ मध्ये मुदत संपली. डीकला पुन्हा कॅम्पसवर येता येऊ लागलं. परत येताना त्यांना काय सिद्ध करावं लागलं? तसं बघितलं तर कॅलेंडरचं पान उलटलं, एवढंच.

मग जानेवारी २०१८ मध्ये बाहेर आलं की या चॅप्टरचा अध्यक्ष राहिलेल्या एका विद्यार्थ्याला येलने संमतीशिवाय केलेल्या लैंगिक कृत्याबद्दल निलंबित केलं होतं. पाठोपाठ आणखी विद्यार्थिनींनी डीकच्या सदस्यांवर आरोप केले. तेव्हाचे डीन मार्विन चुन यांनी चौकशी लावली. वर्षभराने, जानेवारी २०१९ मध्ये, त्यांनी विद्यार्थ्यांना लिहिलं. तिथल्या वातावरणाचा निषेध केला, आणि अशा पार्ट्यांबद्दल सरळ सल्ला दिला: जाऊ नका. संस्थेवर कारवाई? ती तर विद्यापीठाबाहेरची संस्था.

पुढच्याच महिन्यात तीन विद्यार्थिनी येल आणि तिथल्या फ्रॅटर्निटींविरुद्ध कोर्टात गेल्या. त्यांची एक मागणी होती की फ्रॅटर्निटींनी मुलींनाही सदस्य करून घ्यावं. जानेवारी २०२० मध्ये न्यायाधीशांनी त्यांचे बहुतेक मुद्दे फेटाळले.

मग काय, सगळं फुकट गेलं? तसंही नाही. २०११ च्या त्या तक्रारीच्या वर्षीच येलने लैंगिक गैरवर्तनाच्या तक्रारींसाठी विद्यापीठभर एकच समिती नेमली. २०१८ मध्ये बाहेर आलेलं ते निलंबन याच व्यवस्थेतून झालं होतं. डीकवरची बंदी काळाबरोबर संपली, पण १६ जणांच्या तक्रारीच्या वर्षी उभी राहिलेली समिती टिकली. ती टिकली, कारण ती कुणाच्या आठवणीवर अवलंबून नाही. तिला ऑफिस आहे, नियम आहेत, फाइल आहे.

आपल्याकडेही पाच वर्षंच

योगायोग बघा. महाराष्ट्राच्या १९९९ च्या रॅगिंग प्रतिबंधक कायद्यातही पाच वर्षांचा आकडा आहे. रॅगिंगचा गुन्हा सिद्ध झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. शिवाय कॉलेजातून काढतात आणि पुढची पाच वर्षं दुसऱ्या कुठल्याही कॉलेजात प्रवेश मिळत नाही. म्हणजे तिकडे पाच वर्षं गटाला, आपल्याकडे पाच वर्षं माणसाला. गटाला शिक्षा दिली की माणसं पास होऊन सुटतात. माणसाला शिक्षा दिली की हॉस्टेलच्या त्या मजल्यावरची 'परंपरा' सुटते. दोन्हीकडे काहीतरी निसटतंच.

तुमच्यातले काही जण एक-दोन वर्षांत शिकायला अमेरिकेला जाल. काही जण याच जूनमध्ये इथल्या हॉस्टेलला. कुठेही जा, एखादा ग्रुप 'आम्ही आता बदललोय' म्हणाला तर तीन गोष्टी विचारा. मागे काय झालं होतं ते तुम्ही स्वतःहून सांगता का? तेव्हाचे सिनियर अजून येतात का? आणि आज कुणाला तक्रार करायची असेल तर ती कुणाकडे जाते, तुमच्याच अध्यक्षाकडे की बाहेर?

आणि उत्तर 'फार काही नव्हतं हो' असं आलं, तर तुम्हाला हवं ते कळलंय.

चला, आज इथेच थांबू. हा भाग पहिल्या वर्षाला असलेल्या एखाद्या मित्राला किंवा मैत्रिणीला नक्की पाठवा. काळजी घ्या, भेटू लवकरच!