पडक्या भिंतींतून उभी राहिलेली घरे

घर पडलं की आपण चांगले दगड, तुळया निवडून ठेवतो आणि उरलेला राडारोडा गावाबाहेर नेऊन टाकतो. पण शहरंच्या शहरं पडली तर? राडारोडा टाकायचा कुठं, आणि नवी घरं बांधायची कशानं?

1945 साली जर्मनीपुढं हाच प्रश्न होता. महायुद्ध संपलं तेव्हा तिथं सुमारे 40 कोटी घनमीटर राडारोडा साचला होता. माणसं तळघरांत दिवस काढीत होती. बर्लिनसारख्या शहरांत हजारो बायका रांगा लावून उभ्या राहिल्या आणि हातोडीनं चुना खरवडून शाबूत विटा वेगळ्या करू लागल्या. फुटक्या विटा यंत्रात भरडून त्यांची खडी केली आणि ती काँक्रिटात घातली. 1955 अखेरपर्यंत पश्चिम जर्मनीत अशी सुमारे 1 कोटी 15 लाख घनमीटर खडी निघाली आणि तिच्यातून 1 लाख 75 हजार घरं उभी राहिली.

कोणी म्हणेल, "पण हे काँक्रीट टिकतं का हो?" शंका रास्त आहे. वीट पाणी पिते. जुनं काँक्रीट फोडून केलेल्या खडीलाही जुना सिमेंटमसाला चिकटलेला असतो, तोही पाणी पितो. मग माल कोरडा पडतो, गवंडी वरून पाणी ओततो, आणि तिथंच मजबुती जाते! म्हणून खडी आधी भिजवावी. माती, लाकूड निवडून काढावं. एवढं करूनही सगळीच खडी जुनी असेल तर बळ काहीसं कमीच येतं. थोडी मिसळली तर फारसा फरक पडत नाही.

म्हणूनच जर्मनीनं 1951 साली विटांच्या खडीच्या काँक्रिटासाठी स्वतंत्र मानक ठरवलं. भारतीय मानकानं 2016 साली जुन्या काँक्रिटाच्या खडीला मुभा दिली, ती मर्यादा घालून: साध्या काँक्रिटात 25 टक्के, सळईच्या एम-25 पर्यंतच्या काँक्रिटात 20 टक्के.

विटेची भुकटी, म्हणजे सुरखी, चुन्यात घालणारे आपले जुने गवंडी हे ऐकून नवल करणार नाहीत.

शिक्षकबंधूंनी एक प्रयोग करावा. विटेचा तुकडा आणि काळा दगड तोलून रात्रभर पाण्यात ठेवावेत, सकाळी पुसून पुन्हा तोलावेत. कोण किती पाणी प्यालं, ते मुलंच सांगतील. पडलेल्या घराची किंमत शून्य नसते. मात्र ती पारखूनच घ्यावी लागते.