खानदेशातील छायाचित्र आणि पुराव्याचा प्रश्न

संगणकावर छायाचित्र हवे तसे बदलता येऊ लागल्यापासून त्याची विश्वासार्हता संपली, अशी तक्रार सर्रास ऐकू येते. परंतु खानदेशापुरते पाहिले तरी छायाचित्राला पुरावा मानणारी आणि त्याला रचना मानणारी, अशा दोन्ही परंपरा डिजिटल युगाच्या कितीतरी आधीपासून येथे शेजारी नांदत आल्या आहेत.

पहिल्या परंपरेचा आरंभ खानदेशच्या वेशीवरील अजिंठ्याशी निगडित आहे. लेण्यांतील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी ईस्ट इंडिया कंपनीने 1844 मध्ये मद्रास सैन्यातील अधिकारी रॉबर्ट गिल यांची नेमणूक केली. मात्र त्यांनी वर्षानुवर्षे खपून रंगवलेल्या प्रतिकृतींपैकी बहुतेक लंडनजवळील क्रिस्टल पॅलेसला 1866 च्या डिसेंबरात लागलेल्या आगीत भस्मसात झाल्या. दरम्यान गिल यांनी कॅमेराही हाती घेतला होता, आणि त्यांची स्टिरिओस्कोपिक छायाचित्रे, म्हणजे दुहेरी भिंगातून पाहिल्यावर खोलीचा भास देणारी जोडचित्रे, जेम्स फर्ग्युसन यांच्या मजकुरासह 1864 मध्येच ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली होती. एका निगेटिव्हवरून अनेक प्रती निघत असल्यामुळे ती तरली. गिल यांचे निधन 1879 मध्ये भुसावळ येथे झाले.

दुसऱ्या परंपरेचे नाव केकी मूस (1912–1989). मुंबईत जन्मलेल्या आणि इंग्लंडात कलाशिक्षण घेतलेल्या या पारशी कलावंताने, जेथून धुळ्याकडे रेल्वेचा फाटा फुटतो त्या चाळीसगावातील ‘रेम्ब्राँट्स रिट्रीट’ या घरात सुमारे पन्नास वर्षे जवळजवळ स्वतःला कोंडून घेतले. पंजाब मेलने येणाऱ्या प्रेयसीच्या प्रतीक्षेची कथा त्यांच्याविषयी आवर्जून सांगितली जाते, पण तिच्यामुळे त्यांच्यातला छायाचित्रकार झाकोळतो. त्यांची ख्याती टेबल-टॉप छायाचित्रणासाठी होती: मेजावर छोट्या वस्तूंची मांडणी करायची, प्रकाशाची दिशा व तीव्रता नेमकी राखायची आणि भिंगाजवळच्या त्या हातभर जागेतून विस्तीर्ण निसर्गदृश्याचा आभास उभा करायचा, अशी ही पद्धत. आभास निर्माण करण्यासाठी संगणक लागतोच असे नाही, याचे याहून चांगले उदाहरण महाराष्ट्रात शोधावे लागेल.

तरीही मूस यांच्या रचनेत एक मर्यादा पाळली जाई, कारण भिंगासमोर जे प्रत्यक्ष मांडले होते त्याचीच नोंद फिल्मवरील रौप्यक्षारांत उमटे आणि निगेटिव्ह ही त्या नोंदीची मूळ प्रत म्हणून मागे उरे. डिजिटल कॅमेऱ्यात हे स्थान रॉ फाइलला, म्हणजे संवेदकाने टिपलेल्या असंस्कारित माहितीला, मिळाले आहे. म्हणूनच वर्ल्ड प्रेस फोटोसारखी वृत्तछायाचित्रांची स्पर्धा अंतिम फेरीतील छायाचित्रकारांकडून मूळ फाइल मागवून ताडून पाहते. फिल्मची बाजू घेणाऱ्यांचा आग्रह केवळ स्मरणरंजन नाही, तो या मूळ प्रतीसाठी आहे. त्यामुळे जळगाव-धुळ्यातील ज्या जुन्या स्टुडिओंकडे आणि घरांत निगेटिव्हचे खोके उरले असतील, त्यांनी ते अवश्य स्कॅन करून घ्यावेत, मात्र स्कॅन झाले म्हणून निगेटिव्ह रद्दीत घालू नयेत.