मगनवाडीची चूल

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरांतून चूल केव्हाच गेली. तिच्या धुराने काळवंडलेले आढे मात्र जुन्या घरांत अजूनही दिसते. या धुराला वाट करून देण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न महाराष्ट्रात, वर्ध्याच्या मगनवाडीत झाला आणि त्यामागे एक ख्रिस्ती अर्थशास्त्रज्ञ उभा होता, हे आपल्या समाजातही फारसे कोणाला ठाऊक नसते.

जे. सी. कुमारप्पा हे तंजावरच्या तामीळ ख्रिस्ती कुटुंबातले. लंडनला हिशेबनिसाचे शिक्षण घेऊन मुंबईत व्यवसाय थाटलेला हा गृहस्थ गांधीजींच्या सहवासात आला आणि १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाची धुरा त्याने उचलली. येशूच्या शिकवणुकीवर ग्रंथ लिहिणाऱ्या या माणसाला तेलघाणी, हातकागद आणि चूल हे विषय कमी प्रतीचे वाटले नाहीत. मगनवाडीत घडलेली ‘मगन चूल’ १९४७ मध्ये लोकांपुढे आली. मातीचीच चूल, पण तोंड एक, वर भांड्यांसाठी एकापुढे एक भोके आणि शेवटी धुराडे. पुढच्या भांड्याखालून निसटलेला जाळ मागच्या भांड्याला लागावा, ही त्यातली युक्ती. आपल्या घरोघरच्या चुलीला वैल असतोच. शेजारच्या जाळावर आमटी उकळत ठेवण्याचे हे शहाणपण तिथे पूर्वीपासून होते. १९५३ मध्ये हैदराबादचे अभियंते एस. पी. राजू यांनी बिनधुराच्या चुलीवर पुस्तक लिहिले. ते मद्रासच्या ख्रिस्ती साहित्य संस्थेने प्रसिद्ध केले, ही बाबही नोंदवण्यासारखी आहे.

या दोन्ही प्रयत्नांत स्वयंपाकिणीचे डोळे आणि छाती यांचा विचार होता. पुढच्या पिढीत मात्र तो मागे पडला. १९७३ च्या तेलसंकटानंतर सरपणाच्या टंचाईची जगभर चर्चा सुरू झाली. चुलीमुळे जंगले संपत आहेत, असा तिचा सूर होता. एक प्रकारे जंगलतोडीचा आळ मोळी वाहणाऱ्या बाईवर आला! वास्तविक खेड्यातली बाई झाड तोडून चूल पेटवीत नसे. विदर्भात पऱ्हाट्या आणि तुराट्या, इतरत्र बांधावरच्या बाभळीच्या काटक्या, वाळके फाटे आणि गोवऱ्या हेच तिचे जळण. मोठी झाडे पडत होती ती शेतीसाठी, इमारतींसाठी, कारखान्यांसाठी आणि शहरांतील लाकडांच्या व कोळशाच्या वखारींसाठी.

तरीही १९८० च्या दशकात केंद्र सरकारने जी सुधारित चुलींची राष्ट्रीय योजना हाती घेतली, तिचा भर मुख्यतः लाकूड वाचविण्यावर होता. २००२ मध्ये ती बंद होईपर्यंत तीन कोटींहून अधिक चुली बसल्या. किती पेटत्या राहिल्या, हा प्रश्न निराळा. उद्दिष्टाचे आकडे भरण्याच्या घाईत धुराडी कशीबशी उभी राहिली आणि काजळीने बुजली. शिवाय भाकरी तव्यावरून उतरवून चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यावर उभी करून शेकायची असते. लहान तोंडाच्या चुलीत ती कुठे शेकायची? हा प्रश्न नकाशा काढणाऱ्यांना पडला नसावा. बाईने तोंड फोडून मोठे केले की चुलीचे सारे गणित बिघडे.

धुराकडे लक्ष वळायला मोजमाप व्हावे लागले. कर्क स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुजरातच्या खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या श्वासात जाणारा धूर यंत्रांनी मोजला. १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीने फुंकणी हाती धरणारी प्रत्येक बाई जे सांगत आली होती, तेच आकड्यांत मांडले. तिच्या खोकल्यावर मात्र तोवर कोणी विश्वास ठेवला नव्हता.

२०११ च्या जनगणनेत देशातील ४९ टक्के घरे लाकडावरच स्वयंपाक करीत होती. मे २०१६ मध्ये उज्ज्वला योजना सुरू झाली आणि तिच्यातील आठ कोटीवी जोडणी सप्टेंबर २०१९ मध्ये औरंगाबादला दिली गेली. तरी २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब पाहणीत स्वच्छ इंधनावर स्वयंपाक करणारी ग्रामीण घरे ४३.२ टक्केच आढळली. सिलिंडर भरून आणायला रोख पैसे लागतात. काटक्यांना फक्त बाईचे पाय लागतात. म्हणून अनेक घरांत चहा गॅसवर होतो, आणि भाकरी व आंघोळीचे पाणी मागच्या पडवीतल्या चुलीवर.