पिंपरी-चिंचवड-चाकण औद्योगिक पट्ट्यातील मराठी ख्रिस्ती उपासना : गीतनिवड व गीतनेतृत्व यांचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

महाराष्ट्रातील ख्रिस्ती समाजाचा इतिहास प्रामुख्याने धर्मांतर, शिक्षण, वैद्यकीय सेवा आणि मुद्रण या चार अंगांनी लिहिला गेला आहे. रविवारच्या उपासनेत कोणती गीते गायली जातात, ती कोण निवडतो आणि जमलेल्या मंडळीला गायला कोण लावतो, हे प्रश्न मात्र गौण मानले गेले. वस्तुतः ज्या समाजातील बहुसंख्य लोकांनी ग्रंथ लिहिले नाहीत, त्यांचा धर्मानुभव गीतांतच साठलेला असतो. उपासनेसाठी तयार केलेली चार-पाच गीतांची यादी हा या दृष्टीने इतिहासाचा एक दस्तऐवज ठरतो.

आज पिंपरी-चिंचवड, भोसरी, तळेगाव, चाकण या परिसरातील अनेक मंडळ्यांत गायक, कीबोर्ड, गिटार, ड्रम आणि पडद्यावर शब्द दाखविणारा एक तरुण असा चमू गायन चालवितो. त्यास 'वर्शिप टीम' असे म्हणतात. ही सारी पद्धत परदेशातून आली, असा सर्वसाधारण समज आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते तो निम्माच खरा आहे. वाद्ये आणि ध्वनियंत्रणा बाहेरून आली हे निर्विवाद. परंतु गीतांचा क्रम लावणे, एकाने ओळ उचलणे आणि समुदायाने ती झेलणे ही रीत या भूमीत फार जुनी आहे आणि मराठी ख्रिस्ती मंडळीने ती एकोणिसाव्या शतकातच आपलीशी केली होती. या वारशाचा विसर पडल्यामुळे नेमके काय हातचे जात आहे, हे पाहणे हा या लेखाचा उद्देश आहे.

भूमीचा संस्कार

औद्योगिक पट्ट्याच्या नकाशावर देहू आणि आळंदी ही दोन गावे इंद्रायणीच्या काठी जवळजवळ मध्यभागी येतात. नारायण महाराजांनी 1685 मध्ये सुरू केलेल्या पालखी सोहळ्याच्या परंपरेतील तुकोबांची पालखी देहूहून निघाल्यावर आकुर्डीस मुक्काम करते आणि पुढे पिंपरी, दापोडी या मार्गाने पुण्यात शिरते. म्हणजे कारखान्यांची फाटके, कामगार वसाहती आणि त्यांतील चर्च यांच्या शेजारूनच दिंड्या जातात.

दिंडी ही गायनाच्या दृष्टीने अत्यंत शिस्तबद्ध संस्था आहे. मध्यभागी वीणेकरी, त्याच्या सोबतीस मृदंग आणि दोन्ही बाजूंस टाळकऱ्यांच्या रांगा. अभंग कोणता घ्यावयाचा हे कोणाच्या लहरीवर नसते. मंगलाचरण, काकडा, भूपाळ्या, हरिपाठ, गवळणी यांचा क्रम आणि प्रसंग परंपरेने ठरलेला असतो. त्या क्रमाच्या संग्रहास 'भजनी मालिका' असे सार्थ नाव आहे. अभंग सांगणाऱ्याने चरण म्हटला की टाळकरी ध्रुपद उचलतात. नवखा माणूसही दोन आवर्तनांत गाऊ लागतो. कीर्तनातही मागे उभे असलेले टाळकरी केवळ साथीदार नसतात, कीर्तनकाराचा शब्द श्रोत्यांपर्यंत पोहोचविणारा तो पूल असतो. पुढारी गातो तो स्वतः ऐकला जावा म्हणून नव्हे, तर इतरांनी गावे म्हणून. पुढील विवेचनात हा मुद्दा पुन्हा येणार आहे.

मराठी ख्रिस्ती गीतपरंपरेची घडण

मराठी छंदात ख्रिस्ती कथा सांगण्याचा पहिला थोर प्रयत्न फादर थॉमस स्टीफन्स यांच्या 'ख्रिस्तपुराणा'चा. 1616 मध्ये गोव्यात प्रसिद्ध झालेल्या या ओवीबद्ध ग्रंथाने पुराण ऐकण्याची लोकांची सवय ओळखली होती. परंतु घाटावरील प्रॉटेस्टंट मंडळ्यांशी त्याचा थेट धागा जोडता येत नाही. अमेरिकन मराठी मिशनचे कार्य मुंबईत 1813 मध्ये आणि अहमदनगर येथे (आजचे अहिल्यानगर) 1831 मध्ये सुरू झाले, तेव्हा उपासनेत आली ती मुख्यतः इंग्रजी गीतांची भाषांतरे, मूळच्याच सुरांवर बसविलेली.

येथे एक तांत्रिक अडचण होती आणि ती समजून घेतल्याशिवाय पुढचा इतिहास कळत नाही. इंग्रजी पद्य आघातावर चालते. शब्दातील ठराविक अवयवावर जोर येतो आणि सुराची चालही त्याच जोरावर उभी असते. मराठी पद्य अक्षरसंख्येवर किंवा मात्रांवर चालते. मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा आणि चार अशी अक्षरांची विभागणी असते, दुसऱ्या व तिसऱ्या चरणांत यमक जुळते आणि चौथा आखूड चरण गाणाऱ्याला श्वास घ्यायला जागा देतो. भाषांतरित गीत परक्या सुरावर म्हणताना ऱ्हस्व अक्षर लांबते, विभक्तीच्या प्रत्ययावर जोर पडतो आणि वाक्याचा अर्थ तुटतो. अशी गीते श्रद्धेने गायली गेली, यात शंका नाही. परंतु ती पुस्तकाशिवाय गाता येत नव्हती, आणि मंडळीत पुस्तक वाचू शकणारे थोडे होते. विशेषतः 1896 ते 1900 या दुष्काळाच्या वर्षांत आणि त्यानंतर खेड्यापाड्यांतून मंडळीत आलेल्या महार, मांग कुटुंबांना अक्षरओळख नव्हती. पाठांतर मात्र विलक्षण होते, आणि सनई, डफ, हलगी ही वाद्ये त्यांपैकी अनेकांच्या घरचीच होती.

या परिस्थितीत एतद्देशीय कवींनी वाट काढली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अहमदनगरचे कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी देशी चालींवर पदे रचली आणि बायबलमधील आख्याने कीर्तनात आणली. हा मार्ग पुढे रुंद केला तो नारायण वामन टिळक यांनी. 1861 मध्ये कोकणात जन्मलेले टिळक 1895 मध्ये ख्रिस्ती झाले आणि अहमदनगरला आले. आपण ख्रिस्तापाशी तुकोबांच्या वाटेने आलो अशी त्यांची भूमिका होती, आणि ती त्यांनी आपल्या रचनेतून सिद्ध केली. 'उपासना संगीत' या मराठी मंडळ्यांच्या गीतसंग्रहात त्यांची दोनशेहून अधिक पदे आहेत. 'अभंगांजली'तील रचना तर थेट अभंगपरंपरेतच बसतात. 1917 मध्ये त्यांनी साताऱ्यास 'देवाचा दरबार' स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त तेथे एकत्र यावेत, अशी त्यामागील कल्पना होती. 1919 मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाई टिळकांनी पुढे नेले.

टिळकांच्या पदांचे वाङ्मयीन मूल्यमापन पुष्कळ झाले आहे. त्यांच्या उपासनाविषयक परिणामाकडे मात्र तितके लक्ष गेलेले नाही. ध्रुपद असलेले पद आणि अभंग यांमुळे गायनाचे नेतृत्व ऑर्गनवादकाकडून भजन सांगणाऱ्याकडे आले. पेटी, तबला आणि झांजा एवढ्यावर मंडळी गाऊ लागली. पुस्तक नसले तरी चालू लागले. ख्रिस्ती मंडळ्यांतील हा एक शांत असा सत्तापालट होता, असे म्हणण्यास प्रत्यवाय नसावा.

रोमन कॅथलिक मंडळीत हा बदल उशिरा आला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 4 डिसेंबर 1963 रोजी उपासनाविषयक घोषणापत्र संमत केले. त्यात देशभाषांना वाव मिळाला आणि 119 व्या परिच्छेदात त्या त्या लोकांच्या संगीतपरंपरेस योग्य स्थान देण्याचे आवाहन करण्यात आले. मुंबईत अंधेरीच्या ज्ञानाश्रमात फादर जॉर्ज प्रॉक्श यांनी भारतीय रागांवरील भजने त्याआधीच रचण्यास प्रारंभ केला होता.

कारखान्यांच्या मागून आलेली मंडळी

पिंपरी येथे 1954 मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. 1962 मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले, साठच्या दशकातच टेल्को आणि बजाज या उद्योगांनी या परिसरात पाय रोवले, 1970 मध्ये नगरपालिका आणि 1982 मध्ये महानगरपालिका झाली. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस वाहनउद्योग चाकणकडे सरकला. नगर, सोलापूर, मराठवाडा येथील ख्रिस्ती कुटुंबे कामासाठी येथे आली, तशीच केरळ, तमिळनाडू, गोवा आणि पुढे ईशान्य भारतातूनही आली. कुशल कामगार, परिचारिका, शिक्षक, लिपिक यांची ही मंडळी. गावाकडून येताना त्यांनी गीतसंग्रह आणला. पण एका बाकावर बसणाऱ्या चार कुटुंबांचे चार संग्रह वेगवेगळे होते.

आजच्या गीतनिवडीचे मूळ या परिस्थितीत आहे. परंपरागत उपासनेत निवड बव्हंशी ठरलेली असे. मिस्सेमध्ये प्रवेशगीत, अर्पणगीत, ख्रिस्तप्रसादाच्या वेळचे गीत अशी स्थाने निश्चित असतात आणि आगमनकाळ, उपवासकाळ, पुनरुत्थान यांप्रमाणे गीते बदलतात. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत पाळक शास्त्रपाठ आणि उपदेशाचा विषय कळवी, त्यास अनुसरून गीतांचे क्रमांक फळ्यावर लागत. ज्या मंडळ्यांत 'वर्शिप टीम' आहे तेथे मात्र सुरुवातीची वीस-पंचवीस मिनिटे अखंड गायन असते आणि त्याचा आराखडा चमूच करतो : प्रथम स्तुतीची जलद गीते, मग उपकारस्मरण, शेवटी संथ, प्रार्थनेत विरघळणारे गीत. या रचनेचे आजचे रूप विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातील मंडळ्यांत घडले आणि ध्वनिफितींनी जगभर पसरले. तरीही भजनी मालिकेची सवय असलेल्या कानाला ती अपरिचित वाटू नये. पायरी-पायरीने मन एकाग्र करीत नेणे हेच दोहोंचे सूत्र आहे. वारकरी भजनात लय उत्तरोत्तर चढते, येथे ती उतरत जाते, एवढा फरक.

सरावाचे गणित कारखाना ठरवितो, ही या पट्ट्याची खास गोष्ट. वीजपुरवठ्याच्या सोयीसाठी पडलेल्या जुन्या प्रथेनुसार येथील अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. रविवार हा कामाचा दिवस. त्यामुळे सराव गुरुवारी आणि उपासना रविवारी अगदी सकाळी किंवा सायंकाळी, अशी सोय लावावी लागते. तिन्ही पाळ्यांत काम करणारा ढोलकीवादक कोणत्या रविवारी मोकळा आहे, हे पाहूनच कोणते गीत घ्यावयाचे ते ठरते. तबलजी नसेल त्या रविवारी अभंग गळतो. संगीताच्या इतिहासात आवडीनिवडीची चर्चा फार होते, पाळीची होत नाही.

काय निसटते आहे

पहिली गोष्ट पट्टीची. ध्वनिमुद्रित गीत ज्या पट्टीत ऐकले त्याच पट्टीत ते घेण्याकडे तरुणांचा कल असतो. ती पट्टी एका शिकलेल्या गळ्यासाठी निवडलेली असते. जुना पेटीवादक सभेकडे पाहून काळी एक की पांढरी चार हे ठरवी. बायकांचा आवाज चढेना तर तो दुसऱ्या कडव्याआधी खाली येई. कीबोर्डवर पट्टी बदलणे आज एका कळीचे काम आहे, पण ती कळ दाबण्याची गरज वाटण्यासाठी समोरची माणसे गात आहेत की नुसती उभी आहेत, हे ऐकावे लागते. पुढच्या आवाजाचा ध्वनिवर्धक मोठा असला की ते ऐकू येत नाही. सूर मनाला शब्दांपेक्षा अधिक ओढून नेतो की काय, अशी शंका संत ऑगस्टिन यांनी आपल्या आत्मकथनात सोळाशे वर्षांपूर्वी मांडली होती. तिचे आजचे रूप बहुधा हे असावे.

दुसरी गोष्ट ठेक्याची. भजनी ठेका आठ मात्रांचा, ड्रमची चालही चार-चारच्या हिशेबाची. कागदावर दोन्ही जुळतात. परंतु भजनी ठेक्याची झोल देणारी चाल आणि ध्रुपदाच्या आवर्तनांत आपसूक वाढत जाणारी लय यंत्राच्या ठोक्यावर बसत नाही. ठोका अचल राहतो. मंडळी पुढे धावू पाहते आणि वादक तिला मागे ओढतात, हे दृश्य प्रस्तुत लेखकाने अनेकदा पाहिले आहे.

तिसरी गोष्ट भाषेची, आणि ती सर्वांत नाजूक आहे. मिश्र मंडळीत सर्वांना समजावे म्हणून हिंदी आणि इंग्रजी गीते घेतली जातात. त्यामागील सद्भाव खरा आहे. केरळहून आलेल्या परिचारिकेने आणि ईशान्येकडील तरुणाने मुके बसावे, असे कोणीही म्हणणार नाही. पण यादीत मराठीच्या वाट्याला एक गीत येते, आणि तेही बहुधा अर्पणाच्या वेळी, जेव्हा पिशवी फिरत असते आणि लक्ष इतरत्र असते. स्थानिक भाषेला सोयीची जागा मिळते, मानाची मिळत नाही. ज्या भाषेत या मंडळीने प्रथम पुस्तकाविना गायला शिकून घेतले, तिच्याबाबत हे घडावे, याची नोंद इतिहासाच्या अभ्यासकाने करणे आवश्यक आहे. याउलट ध्रुपद असलेल्या पदाचा गुण असा, की मराठी न येणारा मनुष्यही एक ओळ ऐकून उचलू शकतो. मिश्र मंडळीची अडचण सोडविण्याचे साधन कपाटातच होते. कोणी ते उघडून पाहिले नाही, असे सरसकट म्हणणे अन्यायाचे होईल. काही चमू ढोलकी, झांजा आणि गिटार एकत्र घेऊन टिळकांची पदे नव्याने बसवीत आहेत आणि त्या वेळी मागच्या बाकांवरील आवाज सर्वांत आधी उठतो.

शेवटचा मुद्दा साधनांविषयी. जुन्या मराठी गीतसंग्रहांत प्रायः केवळ शब्द छापलेले असत, स्वरलिपी नसे. माथ्यावर रागाचे वा तालाचे नाव, किंवा त्या काळी सर्वांना ठाऊक असलेल्या एखाद्या पदाची 'चाल' एवढाच निर्देश. ती मूळ पदे आता कोणाच्या स्मरणात नाहीत. त्यामुळे अनेक गीतांची चाल फक्त गळ्यांत उरली आहे, आणि ते गळे बहुतेक सत्तरी ओलांडलेल्या, नगर-सोलापूरकडून सुनेच्या किंवा मुलाच्या घरी राहावयास आलेल्या आजींचे आहेत. औद्योगिक पट्ट्यातील सदनिकांमध्ये त्या राहतात, रविवारी पुढून तिसऱ्या-चौथ्या रांगेत बसतात. पडद्यावर जुने पद आले की त्यांपैकी एखादी चमूची वाट न पाहता सुरू करते. कीबोर्डवरचा मुलगा मान वाकवून तिची पट्टी शोधू लागतो, आणि ती सापडेपर्यंत दुसरे कडवे आलेले असते.